रड्यार्ड किपलिंग : घरात सांगितलेल्या प्राणिकथांचे चरित्र

बालसाहित्याचा अभ्यास करताना प्राणिकथेविषयी एक ठरीव विधान सर्वत्र आढळते. प्राणिकथा मुलांचे मनोरंजन करते, त्यांना काही शिकवते आणि कुटुंबाला एकत्र बसून वाचावयास लावते, असे ते विधान होय. ही तीन कार्ये एकमेकांशेजारी मांडली जातात. त्यांचा परस्परसंबंध कोणता, हे मात्र क्वचितच तपासले जाते. इंग्रजी लेखक रड्यार्ड किपलिंग (१८६५–१९३६) याचे जीवन या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. त्याच्या प्राणिकथा जगभरच्या घरांत वाचल्या गेल्या. त्याच वेळी साम्राज्यवादाचा कवी म्हणून त्याचे नाव वसाहतींतील वाचकाला खुपत राहिले. मुंबईत जन्मलेल्या आणि वैनगंगेच्या खोऱ्याला जागतिक बालसाहित्यात स्थान देणाऱ्या या लेखकाकडे मराठी अभ्यासकाने कसे पाहावे, हा प्रश्न अद्याप शिळा झालेला नाही. प्रस्तुत लेखात त्याच्या चरित्राचा मागोवा त्याच्या प्राणिकथांच्या अनुरोधाने घेतला आहे. या कथांतील मनोरंजन, बोध आणि कौटुंबिक वाचन यांचा उगम एकाच ठिकाणी, म्हणजे घर मिळणे आणि घर हरवणे या अनुभवात आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

१. मुंबई : दोन भाषांतील बालपण

किपलिंगचा जन्म ३० डिसेंबर १८६५ रोजी मुंबईत झाला. त्याचे वडील जॉन लॉकवुड किपलिंग त्याच वर्षी सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत स्थापत्यशिल्पाचे अध्यापक म्हणून रुजू झाले होते. क्रॉफर्ड मार्केटच्या प्रवेशद्वारावरील उठावशिल्पांची रचना त्यांचीच. आई अॅलिस ही मॅक्डोनल्ड घराण्यातील. तिची एक बहीण चित्रकार एडवर्ड बर्न-जोन्स याची पत्नी होती, तर दुसरीचा मुलगा स्टॅन्ली बाल्डविन पुढे इंग्लंडचा पंतप्रधान झाला. इंग्लंडमधील ज्या तलावाकाठी आईवडिलांचा परिचय वाढला, त्या तलावाचे नाव मुलाला ठेवण्यात आले. कलाशाळेच्या आवारात जो बंगला आज किपलिंगच्या नावाने ओळखला जातो तो नंतरच्या काळात बांधलेला आहे. मूळचे घर आता उरलेले नाही.

या घरातील बालपणाचे वर्णन किपलिंगने आपल्या आत्मचरित्रात केले आहे. हे आत्मचरित्र त्याच्या मृत्यूनंतर, १९३७ साली प्रसिद्ध झाले. त्यात मुंबईच्या फळबाजारातील रंगांची आठवण येते; रस्त्याकडेच्या क्रुसापुढे प्रार्थना करणारी रोमन कॅथलिक आया येते. किपलिंग तिचा उल्लेख पोर्तुगीज असा करतो. ती गोव्याकडील असावी, असे चरित्रकार मानतात. मुलाला बोट धरून लहानसहान देवळांत नेणारा मीता नावाचा हिंदू गडीही त्यात येतो. दुपारच्या झोपेपूर्वी ही दोघे मुलांना गोष्टी सांगत आणि देशी गाणी म्हणत. संध्याकाळी आईवडिलांपुढे पाठविताना मात्र आता इंग्रजीत बोलावयाचे, अशी ताकीद देत. मुले ज्या देशी बोलीत विचार करीत आणि स्वप्ने पाहत, तिचे इंग्रजी भाषांतर करीत ती आईवडिलांशी अडखळत बोलत.

हा तपशील महत्त्वाचा आहे. किपलिंगच्या कानावर पडलेल्या पहिल्या कथा छापील नव्हत्या. त्या सांगितलेल्या होत्या, आणि त्या सांगणारी माणसे घरातील असूनही रक्ताच्या नात्याची नव्हती. पुढे त्याच्या लेखनात जन्मदात्यांहून वेगळे पालनकर्ते वारंवार येतात. मोगलीला दूध पाजणारी लांडगीण, त्याला कायदा शिकवणारे अस्वल आणि त्याच्यासाठी मोल मोजणारा काळा बिबट्या यांच्या मागे ही आया आणि हा गडी उभे आहेत, असे म्हणणे अनाठायी ठरू नये. वसाहतीतील गोऱ्या मुलांना देशी नोकरांनी वाढविले, हे सामाजिक वास्तव होते. किपलिंगने त्याला कथेचे रूप दिले. त्या वास्तवातील विषमता मात्र त्याने कथेत झाकून टाकली. आपल्या हाताखाली वाढलेला मुलगा मोठा होऊन आपल्यावर हुकूम चालवणार आहे, हे नोकरांना ठाऊक होते. जंगलातील प्राण्यांनाही मोगलीच्या नजरेला नजर भिडविता येत नाही. प्रेम आणि सत्ता यांची ही सरमिसळ किपलिंगच्या प्राणिकथेत आरंभापासूनच आहे.

२. साउथसी : घर हरवणे आणि वाचन सापडणे

१८७१ साली, वयाच्या सहाव्या वर्षी, किपलिंगला आणि त्याच्या धाकट्या बहिणीला इंग्लंडमध्ये साउथसी येथे एका परक्या कुटुंबात ठेवण्यात आले. हिंदुस्थानातील हवामान मुलांना मानवत नाही आणि देशी वातावरणात वाढलेली मुले बिघडतात, या समजुतीने अँग्लो-इंडियन कुटुंबे आपली मुले अशीच मायदेशी पाठवीत. प्रथा सार्वत्रिक असली, तरी किपलिंगच्या आईवडिलांनी मुलांना पुरेशी कल्पना न देता त्यांचा निरोप घेतला. मुले १८७७ पर्यंत तेथे राहिली. घरातील बाईचा धर्म कठोर होता. मुलाच्या प्रत्येक बोलण्याची उलटतपासणी होई आणि विसंगती आढळली की त्याला खोटारडा ठरविले जाई. खोटारडेपणाची पाटी पाठीवर लावून त्याला शाळेत पाठविण्यात आल्याचा प्रसंग आत्मचरित्रात आहे. १८८८ साली लिहिलेल्या एका कथेतही त्याने या दिवसांचे जवळजवळ उघड चित्रण केले आहे.

या घरात त्याला वाचनाचा शोध लागला. अक्षरओळख उशिरा झाली. वाचता येऊ लागल्यावर मात्र, यातून आपल्याला सुख मिळू शकते, हे त्याला एकाएकी उमगले. हे कळताच शिक्षा म्हणून वाचनाला बंदी आली आणि तो चोरून, अपुऱ्या उजेडात वाचू लागला. दृष्टी अधू झाली, ती याच काळात. वडील मुंबईहून पुस्तके पाठवीत. लहान मुलांच्या एका मासिकात त्याने दक्षिण आफ्रिकेतील एका शिकाऱ्याची गोष्ट वाचली. तो शिकारी सिंहांच्या टोळीत सापडतो. ते सिंह एका गुप्त बंधुसंघाचे सभासद निघतात आणि दुष्ट वानरांविरुद्ध त्याच्याशी हातमिळवणी करतात. ही क्षुल्लक गोष्ट पुढे पंधरा-वीस वर्षे त्याच्या मनात निपचित पडून होती आणि जंगलकथांच्या वेळी जागी झाली, अशी नोंद त्याने स्वतःच करून ठेवली आहे.

कौटुंबिक वाचनाचा विचार करताना आपण बहुधा सुखी घर गृहीत धरतो. किपलिंगच्या बाबतीत क्रम उलटा आहे. वाचन हे त्याला घराच्या अभावी मिळालेले घर होते. वर्षातून एकदा, नाताळच्या सुमारास, मावशीकडे जाण्याची मुभा मिळे. तेथे मावशी मोठ्याने वाचून दाखवी आणि मोठी माणसे मुलांच्या खेळांत सामील होत. अकरा महिन्यांचे मूक, चोरटे वाचन आणि एका महिन्याचे सामुदायिक, सस्वर वाचन या दोन टोकांमध्ये त्याच्यातील कथनकार घडला. जंगलकथांत जो कायदा वारंवार सांगितला जातो, त्याच्याकडेही या प्रकाशात पाहता येते. साउथसीच्या घरात शिक्षा होती, पण नियम नव्हता. कोणत्या कृत्यासाठी काय भोगावे लागेल, हे मुलाला आधी कधीच कळत नसे. जंगलात नियम आधी ठाऊक असतो, तो सर्वांना सारखा लागू असतो आणि शिक्षा झाली की प्रकरण मिटते. लहरी सत्तेखाली पोळलेल्या मुलाला असा कायदा जाचक वाटत नाही, तो त्याला आधार वाटतो.

३. लाहोर : वडिलांची शिदोरी

डेव्हनमधील एका शाळेत चार वर्षे काढून किपलिंग ऑक्टोबर १८८२ मध्ये मुंबईस उतरला. त्या वेळी सोळा वर्षांच्या या मुलाच्या तोंडून देशी बोलीतील वाक्ये आपोआप बाहेर पडू लागली. त्यांचा अर्थ मात्र त्याला सांगता येईना. वडील १८७५ पासून लाहोरच्या मेयो कलाशाळेचे प्रमुख आणि तेथील वस्तुसंग्रहालयाचे अभिरक्षक होते. किपलिंग तेथील एका इंग्रजी दैनिकात उपसंपादक म्हणून लागला. १८८७ साली तो अलाहाबादच्या पायोनियर पत्राकडे गेला आणि १८८९ साली त्याने हिंदुस्थान सोडला. १८९१ च्या अखेरीस लाहोरला दिलेल्या धावत्या भेटीनंतर तो येथे कधीही परतला नाही. सज्ञान वयातील त्याचे हिंदुस्थानातील वास्तव्य सातच वर्षांचे आहे.

या काळात त्याने मुलांसाठी काही लिहिले नाही. पुढील प्राणिकथांना लागणारी सामग्री मात्र येथेच जमली आणि तीत वडिलांचा वाटा मोठा आहे. लॉकवुड किपलिंग यांनी १८९१ साली हिंदुस्थानातील पशू आणि माणूस यांच्या संबंधांवर एक सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. बैल, हत्ती, माकड, साप इत्यादी प्राण्यांविषयीच्या येथील समजुती, म्हणी आणि त्यांना मिळणारी वागणूक यांचे त्यात बारकाईने निरीक्षण आहे. याखेरीज रॉबर्ट स्टर्नडेल याचे सातपुड्यातील शिकारीचे व भारतीय सस्तन प्राण्यांविषयीचे लेखन आणि सँडरसनचे हत्ती पकडण्याचे अनुभव ही पुस्तके किपलिंगच्या उपयोगी पडली. लांडग्यांनी वाढविलेल्या मुलांच्या हकीकती कर्नल स्लीमनसारख्या अधिकाऱ्यांनी आधीच नोंदवून ठेवल्या होत्या. ज्या सिवनीच्या डोंगरांत मोगली वाढतो, तेथे किपलिंग स्वतः कधी गेला नव्हता. सातपुड्यातील हे अरण्य त्याने पुस्तकांतून आणि ऐकीव माहितीतून उभे केले. विदर्भातील वाचकाला परिचित असलेली वैनगंगा त्याच्या कथेत येते ती अशी, कागदावरून वाहत.

भारतीय प्राणिकथेच्या परंपरेशी त्याचे नाते कोणते, हाही प्रश्न येथे उपस्थित होतो. वडिलांमुळे जातककथांशी त्याचा परिचय होता. राजाच्या रत्नजडित अंकुशासाठी माणसे एकमेकांचे प्राण घेतात, ही जंगलकथांमधील गोष्ट वेदब्भ जातकाच्या वळणावर जाते. मुंगसाची कथा तर पंचतंत्राच्या वाचकाला लगेच ओळखू येते. पंचतंत्राच्या पाचव्या तंत्रातील मुंगूस पाळण्यातील बाळाला सापापासून वाचवते आणि त्याच्या रक्ताळलेल्या तोंडावरून भलताच अर्थ काढणारी ब्राह्मणी त्याला ठार करते. बोध आहे तो अविचाराने केलेल्या कृत्याविषयीचा, आणि तो मोठ्यांसाठी आहे. किपलिंगच्या कथेत छावणीतील बंगल्यात आश्रयास आलेले मुंगूस नाग-नागिणीला मारते, घर वाचवते आणि घरातले एक होऊन राहते. शोकाची जागा कृतज्ञतेने घेतली आहे. मूळ कथेत विश्वास दाखविण्यात घर कमी पडते. किपलिंगच्या घराची तशी परीक्षाच होत नाही. हा बदल बालवाचकासाठी केलेला आहे हे उघड आहे. परक्याच्या बागेतील मूळ रहिवासी शत्रू ठरतात आणि आश्रित रक्षक ठरतो, ही मांडणी छावणीच्या जगातून आलेली आहे, हेही तितकेच उघड आहे.

४. व्हर्माँट : बर्फात लिहिलेले अरण्य

जानेवारी १८९२ मध्ये किपलिंगने कॅरोलाइन बॅलेस्टियर या अमेरिकन तरुणीशी विवाह केला आणि त्याच वर्षी हे दांपत्य तिच्या माहेरच्या गावी, अमेरिकेतील व्हर्माँट राज्यात ब्रॅटलबरो येथे राहावयास गेले. भाड्याचे घर लहान होते. लिहिण्याची खोली सात-आठ फुटांची, आणि हिवाळ्यात बर्फाची पातळी खिडकीच्या उंबऱ्याला टेके. २९ डिसेंबर १८९२ रोजी याच घरात त्याची पहिली मुलगी जोसेफिन जन्मली. त्याच हिवाळ्यात बालपणी वाचलेल्या सिंहांची गोष्ट आणि हॅगर्डच्या एका कादंबरीतील लांडग्यांविषयीचा उल्लेख मनात एकत्र आले आणि मोगलीच्या कथा आपसूक उतरू लागल्या, असे त्याने नमूद केले आहे. जंगलकथांतील मोगलीची पहिली कथा न्यूयॉर्कच्या सेंट निकोलस या मुलांच्या मासिकात जानेवारी १८९४ च्या अंकात आली. सात कथांचे पहिले पुस्तक त्याच वर्षी, तर आठ कथांचे दुसरे १८९५ साली निघाले. या पंधरा कथांपैकी आठ मोगलीच्या आहेत. लॉकवुड किपलिंग यांनी या पुस्तकांसाठी चित्रे काढली. आजोबांची चित्रे, वडिलांचे शब्द आणि पाळण्यातील नात असा हा तीन पिढ्यांचा उद्योग होता. १८९४ च्या मे महिन्यात किपलिंगने पहिल्या पुस्तकाची एक प्रत जोसेफिनच्या नावे लिहून दिली होती. ती २०१० साली त्याच्या दुसऱ्या मुलीच्या इंग्लंडमधील निवासस्थानी सापडली.

येथे आपल्याकडील परिस्थिती आठवणे उपयुक्त ठरेल. मराठीत छापील गद्याच्या आरंभकाळातच इसापाच्या कथा आल्या. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची इसापनीती १८२८ सालची. विनायक कोंडदेव ओक यांचे बालबोध मासिक १८८१ साली सुरू झाले. या परंपरेत प्राणिकथेचे तात्पर्य कथेच्या अखेरीस वेगळे काढून सांगण्याची रीत होती. किपलिंगने जंगलकथांत ही रीत टाळली. त्याचा बोध प्रसंगाच्या आत असतो. मोगली अस्वलाचे न ऐकता वानरांच्या नादी लागतो, वानर त्याला पळवून नेतात, सुटकेसाठी मित्रांना जिवावर उदार व्हावे लागते. आणि अखेर अस्वलाला मुलावर माया असूनही त्याच्या शिक्षेला संमती द्यावी लागते. पश्चात्तापाने शिक्षा टळत नाही, हे तात्पर्य कथेबाहेर काढता येत नाही; कारण ते अस्वलाच्या अवघडलेपणातून कळते. शिकविणाऱ्यालाही शिकविण्याचे दुःख असते, हे मोठ्याने वाचणाऱ्या पालकाला उमगते. एकच मजकूर मुलाला एक आणि पालकाला दुसरे काही देतो. कुटुंबात वाचली जाणारी कथा टिकते ती या दुहेरी अर्थवत्तेमुळे.

मात्र जंगलाच्या कायद्याला दुसरीही बाजू आहे. पहिल्या पुस्तकाच्या शेवटच्या कथेत छावणीतील उंट, खेचरे, बैल आणि घोडे बोलतात, आणि आज्ञापालनाची साखळी जनावरापासून सम्राज्ञीपर्यंत कशी पोहोचते, हे दाखवून कथा संपते. तेथे बोध प्रसंगात मुरत नाही. तो सरळ सांगितला जातो, आणि कथेचा कस तेथेच उतरतो. वानरांच्या कायदाशून्य, बडबड्या समाजात काही समीक्षकांना राजकीय उपहास दिसतो. तो नाकारण्याचे कारण नाही. परंतु मोगलीची गोष्ट या साखळीत पुरती बसत नाही, हेही पाहिले पाहिजे. त्याला लांडग्यांचा कळप बाहेर काढतो आणि गावही हाकलून देतो. दोन भाषा येणाऱ्या आणि दोन्ही घरांना परका ठरलेल्या मुलाची ही व्यथा कोणत्याही आज्ञापालनाने मिटणारी नाही. मुंबई आणि साउथसी या दोन्ही घरांची ती आठवण आहे.

५. जोसेफिन : शब्द न बदलण्याची अट

मेहुण्याशी झालेल्या कलहामुळे किपलिंगने १८९६ साली व्हर्माँट सोडले आणि तो इंग्लंडला परतला. त्या वर्षी एल्सी आणि १८९७ साली जॉन ही अपत्ये झाली. जोसेफिनला झोपविताना सांगितलेल्या गोष्टी याच सुमारास आकाराला आल्या. त्यांपैकी देवमाशाची पहिली गोष्ट सेंट निकोलस मासिकात डिसेंबर १८९७ मध्ये आली. पुढील दोन महिन्यांत उंट आणि गेंडा यांच्या गोष्टी आल्या. काही गोष्टी मुलीला निजवण्यासाठी असून त्यांतला एकही शब्द बदललेला तिला खपत नसे, असा खुलासा त्याने आरंभी केला होता. जशीच्या तशी गोष्ट सांगण्याच्या या अटीवरूनच संग्रहाला नाव मिळाले. त्याच्या नात्यातील अँजेला थर्केल पुढे कादंबरीकार झाली. बालपणी तिने या गोष्टी प्रत्यक्ष ऐकल्या होत्या. किपलिंगच्या खोल आवाजातील त्या ठरावीक हेलांपुढे छापील गोष्टी फिक्या वाटतात, असे तिने १९३१ सालच्या आठवणींत लिहिले आहे.

या अटीचा वाङ्मयीन परिणाम दूरगामी आहे. जंगलकथा आधी लिहिल्या गेल्या आणि मग वाचल्या गेल्या. या गोष्टी आधी अनेकदा सांगितल्या गेल्या आणि मग लिहिल्या गेल्या. त्यामुळे ठरावीक विशेषणे परत परत येतात, लांबलचक शब्द नुसत्या नादासाठी वापरले जातात, मध्येच ऐकणाऱ्या लाडक्या बाळाला हाक मारली जाते. एखादी लहानशी वस्तू वारंवार आठवून दिली जाते आणि ऐकणारे मूल तिची वाट पाहू लागते. आपल्याकडील आजीच्या गोष्टीतही हेच घडते. चिमणी-कावळ्याच्या गोष्टीत एक शब्द चुकला की नातवंडे आजीला अडवतात. अशा कथेचा खरा संपादक ऐकणारे मूल असते. किपलिंगसारख्या नामांकित लेखकाने हे संपादन स्वीकारले, हे त्याच्या बालसाहित्याचे मर्म म्हणता येईल.

१८९९ च्या फेब्रुवारीत किपलिंग कुटुंब न्यूयॉर्कला गेले. तेथे किपलिंग आणि जोसेफिन दोघांनाही न्युमोनियाने गाठले. किपलिंग वाचला. जोसेफिन ६ मार्च १८९९ रोजी, वयाच्या सातव्या वर्षात वारली. किपलिंगची प्रकृती इतकी नाजूक होती की ही वार्ता काही काळ त्याच्यापासून लपवून ठेवावी लागली. १९०२ साली बारा गोष्टींचा संग्रह लेखकाने स्वतः काढलेल्या चित्रांसह प्रसिद्ध झाला तेव्हा ज्या श्रोत्यासाठी तो सिद्ध झाला होता, तो श्रोता नव्हता. संग्रहातील पहिल्या पत्राची आणि मुळाक्षरांची गोष्ट या दृष्टीने लक्षणीय आहे. एक आदिम काळातील बाप आणि त्याची चिमुरडी मुलगी खेळता खेळता लेखनकला शोधून काढतात. लेखनाचा जन्म राजदरबारात किंवा देवळात न होता बापलेकीच्या खेळात झाला, ही कल्पना वरवर गमतीची आहे. या गोष्टींना जोडलेल्या कवितेत मात्र बापाची साद ऐकायला मुलगी आता फार दूर गेली आहे, असा सूर लागतो. १९०४ साली मोठ्यांसाठी लिहिलेल्या एका कथेतही मेलेल्या मुलांच्या चाहुलीने भरलेले घर येते.

बोधाच्या दृष्टीनेही जंगलकथा आणि या गोष्टी यांत अंतर पडले आहे. १९०० साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या हत्तीच्या पिल्लाच्या गोष्टीत पिल्लू सारखे प्रश्न विचारते आणि प्रत्येक वडीलधारा त्याला बदडतो. अखेर मगर काय खाते, हे शोधण्यासाठी ते एकटेच निघते, संकटात सापडते आणि त्या ओढाताणीतून त्याला सोंड मिळते. परतल्यावर ते वडीलधाऱ्यांना बदडून काढते. जंगलकथांत आज्ञापालन श्रेष्ठ होते. येथे जिज्ञासा आणि अवज्ञा यांना बक्षीस मिळते. मांजराच्या गोष्टीत तर स्वतंत्र राहूनही चुलीजवळची ऊब मिळविणारा प्राणी विजयी ठरतो. कथा दाखवून देणारी सत्ता बापाची असली, तरी रोज रात्री प्रश्न विचारणाऱ्या मुलीपुढे ती सैल झाली, असे अनुमान येथे करता येते.

६. साम्राज्य आणि पुत्रशोक

किपलिंगचे चरित्र येथे संपविता आले असते तर ते सोपे झाले असते. ज्या फेब्रुवारीत जोसेफिन आजारी पडली, त्याच महिन्यात त्याची गोऱ्या माणसाच्या तथाकथित ओझ्याविषयीची कविता प्रसिद्ध झाली. तिने त्याचे नाव साम्राज्यवादाशी कायमचे जोडले. १९०७ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले; इंग्रजीत लिहिणाऱ्या साहित्यिकाला मिळालेले ते पहिलेच होते. जालियनवाला बागेतील १९१९ च्या हत्याकांडानंतर जनरल डायरसाठी जो निधी उभारला गेला, त्यालाही त्याने हातभार लावला. त्याच्या बालकथाही या दृष्टीपासून अलिप्त नाहीत. बिबट्याच्या ठिपक्यांच्या गोष्टीतील काळ्या माणसाविषयीचा एक अपमानकारक शब्द पुढील अनेक आवृत्त्यांतून बदलावा लागला.

आज्ञापालनाचा उपदेश करणाऱ्या या लेखकाला त्याची किंमत स्वतःच्या घरात मोजावी लागली. दृष्टी अधू असल्यामुळे मुलगा जॉन सैन्यभरतीत नाकारला गेला होता. किपलिंगने आपले वजन खर्चून त्याला आयरिश गार्ड्समध्ये अधिकारपद मिळवून दिले. सप्टेंबर १९१५ मध्ये, अठरा वर्षे नुकतीच पूर्ण झाली असता, जॉन फ्रान्समधील लूसच्या लढाईत बेपत्ता झाला. त्याचा मृतदेह बापाच्या हयातीत मिळाला नाही. पुढे किपलिंगने युद्धदफनभूमींची व्यवस्था पाहणाऱ्या आयोगासाठी काम केले आणि मुलाच्या पलटणीचा इतिहास लिहिला. तो १९२३ साली प्रसिद्ध झाला. दरम्यान १९१६ साली बेडन-पॉवेल यांनी स्काउट चळवळीतील लहान मुलांच्या विभागासाठी मोगलीच्या लांडग्यांचा कळप आणि त्याचा कायदा स्वीकारला. लेखकाचा मुलगा नाहीसा झाल्यानंतर पुढल्याच वर्षी त्याची कथा हजारो मुलांच्या शिस्तीचे साधन झाली.

१९३० साली त्याने कुत्र्याच्या तोंडून सांगितलेल्या कथांचे पुस्तक काढले. त्याचे हे अखेरच्या काळातील प्राणिलेखन असून त्यात कायद्याचा डौल नाही. धन्याच्या घराभोवती घोटाळणाऱ्या जिवाची निष्ठा तेवढी आहे. वडिलांच्या परंपरेला अनुसरून त्याच्या पुस्तकांवर गजमुख, कमळ आणि स्वस्तिक असे चिन्ह असे. नाझींनी स्वस्तिक उचलल्यावर त्याने ते काढून टाकविले. १८ जानेवारी १९३६ रोजी लंडन येथे त्याचे निधन झाले आणि वेस्टमिन्स्टर अॅबीतील कवींच्या कोपऱ्यात त्याच्या अस्थी ठेवण्यात आल्या.

७. समारोप

किपलिंगच्या प्राणिकथा मराठी मुलांना वाचून दाखवाव्यात काय, असा प्रश्न बालसाहित्याच्या वर्गात विद्यार्थी विचारतात आणि तो रास्त आहे. लेखकाचे राजकारण वेगळे ठेवून कथा निर्मळ आहेत असे सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल, कारण छावणी आणि सम्राज्ञी कथांच्या आत आहेत. राजकारणामुळे कथाच बाजूला सारणे हेही अपुरे ठरेल, कारण त्या कथांत मुंबईतील एका आयेचा आणि एका गड्याचा आवाज मिसळला आहे, आणि त्यांची दुसरी नोंद कोठेही शिल्लक नाही. प्राणिकथेची परंपरा मुळातच वादाला वाव देणारी आहे. विष्णुशर्म्याचे प्राणी एका कथेला दुसऱ्या कथेने उत्तर देतात. किपलिंगच्या मुंगसाच्या कथेशेजारी पंचतंत्रातील मुंगूस ठेवले, आणि जंगलाच्या कायद्याशेजारी हत्तीच्या पिल्लाचे प्रश्न ठेवले, की ऐकणारे मूल स्वतःच तुलना करू लागते.

मोठ्याने वाचणारा पालक किंवा शिक्षक येथे निर्णायक ठरतो. मनोरंजन मजकुरात असते, बोध प्रसंगात असतो. परंतु त्या बोधाला प्रश्न विचारण्याची जागा वाचणारा आणि ऐकणारा यांच्यामध्येच निर्माण होते. किपलिंगने आपल्या प्राणिकथांपैकी सर्वांत मोकळ्या कथा अशा जागेत रचल्या. ती जागा जोसेफिनबरोबर नाहीशी झाल्यानंतर त्याच्या हातून तशा गोष्टी पुन्हा फारशा झाल्या नाहीत.